फर्नेस दुरुस्तीचा खर्च: अमेरिका-कॅनडातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

ऑक्टोबर लागला की हे प्रश्न येऊ लागतात आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत त्यांचा पूर येतो. बहुतेक प्रश्न न्यू जर्सी, शिकागो आणि टोरांटोच्या आसपासच्या घरांतले असतात. फर्नेस म्हणजे हवा तापवून ती घरभर फिरवणारं यंत्र. खालचे आकडे गॅसवर चालणाऱ्या फर्नेसचे, अमेरिकी डॉलरमधले आणि ढोबळ आहेत. मोठ्या शहरांच्या आसपास ते वरच्या टोकाला जातात, लहान गावांत खालच्या.

१. आमच्याकडे फर्नेस आहे की बॉयलर? आणि त्याने खर्चात फरक पडतो का?

पडतो. जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या जाळीतून गरम वारा येत असेल तर फर्नेस. खिडकीखाली रेडिएटर किंवा भिंतीलगत लांबट बेसबोर्ड तापत असतील तर बॉयलर. तो पाणी तापवतो, त्याचे बिघाड वेगळे आणि दरही वेगळे. इथली उत्तरं फर्नेसची आहेत.

बेसमेंटमध्ये उतरलातच तर फर्नेसमधून धूर बाहेर नेणारा पाइपही बघून ठेवा. पांढरा प्लॅस्टिकचा असेल तर तुमची फर्नेस जास्त कार्यक्षमतेची, म्हणजे गॅसमधली ९० टक्क्यांच्या वर उष्णता घराला देणारी. पत्र्याचा असेल तर बहुधा ८० टक्क्यांची. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा फरक लागणार आहे.

२. फर्नेस चालूच होत नाहीये. फोन करण्याआधी मी काय बघू?

टेक्निशियन येतो, एक बटण दाबतो आणि दीडशे डॉलर घेऊन जातो, असं बऱ्याच घरांत होतं. ते टाळता येतं.

आधी थर्मोस्टॅट ‘हीट’वरच आहे ना आणि त्याच्या बॅटऱ्या संपल्या नाहीत ना, ते बघा. मग पॅनेलमधला ब्रेकर. मग फर्नेसजवळचा किंवा बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी असलेला स्विच. तो दिव्याच्या बटणासारखाच दिसतो, काही घरांत त्याला लाल पट्टी असते. पाहुण्याने किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांनी दिवा समजून तो बंद केलेला असतो. फिल्टर बदलल्यावर फर्नेसचं दार नीट बसलं नसेल तरीही ती चालू होत नाही, कारण दारामागे सुरक्षेचा स्विच असतो.

फिल्टर उजेडात धरा. आरपार काही दिसत नसेल तर बदला. हवा अडली की फर्नेस आतून जास्त तापते आणि स्वतःला बंद करून घेते. आपल्या घरात रोज फोडणी असते, आणि ओट्यावरचा पंखा वाफ बाहेर न सोडता घरातच फिरवणारा असेल तर तेलकट वाफ शेवटी फिल्टरवर बसते. पाकिटावर तीन महिने लिहिलेलं असलं तरी हिवाळ्यात दर महिन्याला एकदा बघा.

पांढऱ्या पाइपची फर्नेस असेल तर घराबाहेर जाऊन त्या पाइपांची तोंडं बर्फाने बुजली नाहीत ना ते पाहा. आत पाणी वाहून नेणारी बारीक नळी तुंबली तरी फर्नेस बंद पडते.

एवढं करूनही काही झालं नाही तर दारावरच्या छोट्या काचेतून दिसणारा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या लुकलुकीचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूच्या तक्त्यात असतो. दोन्हींचा फोटो काढून ठेवा आणि फोनवर सांगा. लागणारा पार्ट गाडीत घेऊन आलेला टेक्निशियन दुसऱ्या फेरीचे पैसे लावत नाही.

३. नुसतं येऊन बघायचे पैसे कसले?

निदानाचे. साधारण ८० ते २०० डॉलर. रात्री, रविवारी किंवा सणाच्या दिवशी हाच आकडा दीडपट-दुप्पट होतो. आपल्याला हे खटकतं, पण खरं कौशल्य निदानातच असतं. फोनवरच तीन गोष्टी विचारा: येण्याचे किती, दुरुस्ती केली तर ते बिलात वळते होतात का, आणि काम तासावर आहे की ठरलेल्या दरावर. याची सरळ उत्तरं न देणाऱ्याला बोलावू नका.

४. कुठला बिघाड किती रुपयांचा, म्हणजे डॉलरचा?

फर्नेस कोणत्या क्रमाने चालू होते हे कळलं की बिलही वाचता येतं.

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी इंड्युसर नावाचा छोटा पंखा सुरू होतो आणि जळलेला वायू बाहेर ओढतो. तो नीट ओढतोय याची खात्री प्रेशर स्विच करतो. मग इग्नायटर लालबुंद होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत पेटते. ज्योत खरंच पेटली आहे हे फ्लेम सेन्सर नावाची सळी ओळखते. थोड्या वेळाने मोठा ब्लोअर सुरू होऊन घरात गरम हवा येते. या साऱ्यावर कंट्रोल बोर्डची नजर असते. साखळी जिथे तुटते तिथे बिघाड.

ज्योत पेटून काही सेकंदांत विझते, पुन्हा पेटते, पुन्हा विझते: बहुधा फ्लेम सेन्सरवर थर बसलाय. साफ करायचे किंवा बदलायचे १०० ते २५०. पंखा फिरतो पण इग्नायटर लाल होत नाही: इग्नायटर, १५० ते ४००. प्रेशर स्विच १५० ते ३५०, पण तो स्वतः क्वचित बिघडतो. बुजलेला पाइप किंवा तुंबलेली नळी यांची तो फक्त तक्रार करत असतो. स्विच बदलायला सांगितलं तर ‘नळी आणि पाइप तपासलेत का?’ असं जरूर विचारा.

इंड्युसर मोटर ४०० ते १,०००. कंट्रोल बोर्ड ३५० ते ८००. गॅस व्हॉल्व्हही साधारण तेवढ्यातच. ब्लोअर गुणगुणतो पण फिरत नाही, तेव्हा कधी कधी मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा पार्ट, कपॅसिटर, तेवढाच गेलेला असतो, १०० ते ३००. मोटरच गेली असेल तर जुन्या साध्या मोटरला ४०० ते ८००, नव्या वेग बदलणाऱ्या मोटरला ८०० ते १,५०० किंवा अधिक. उन्हाळ्यात एसीची थंड हवाही हाच ब्लोअर फेकतो, तेव्हा हा खर्च फक्त हिवाळ्याचा नसतो.

सगळ्यात वर हीट एक्स्चेंजर: १,५०० ते ३,५००. त्याची गोष्ट मोठी आहे, प्रश्न ९ मध्ये.

५. इग्नायटर ऑनलाइन ३० डॉलरला मिळतो, मग बिल तीनशेचं का? पार्ट मी आणून दिला तर?

बिलात पार्टचा वाटा लहानच असतो. गाडी, विमा, परवाना, दोन्ही बाजूंचा प्रवास आणि ‘पुन्हा बिघडलं तर फुकट येईन’ ही हमी, हे सगळं त्यात भरलेलं असतं. बऱ्याच कंपन्या ठरावीक दरांच्या पुस्तकातून भाव सांगतात. काम वीस मिनिटांत झालं तरी भाव तोच आणि दोन तास लागले तरी तोच.

स्वतः आणलेला पार्ट बहुतेक कंपन्या बसवत नाहीत. बसवला तरी हमी देत नाहीत, आणि चुकीचा निघाला तर येण्याचे पैसे तुमचेच. घासाघीस इथे फारशी चालत नाही. उपयोग होतो तो दुसऱ्या कंपनीचा भाव घेण्याचा. पाचशे डॉलरच्या वरच्या कामाला दुसरं मत घ्याच. एकटा किंवा दोघांत धंदा चालवणारे स्थानिक मेकॅनिक बऱ्याचदा टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या कंपनीपेक्षा बरेच स्वस्त पडतात. परवाना आणि विमा मात्र तपासा.

६. यातलं घरी काय करता येईल?

फिल्टर, बॅटऱ्या, बाहेरचे पाइप मोकळे करणं, नळी साफ करणं. हात बरा चालत असेल तर फ्लेम सेन्सरही: वीज आणि गॅस बंद करा, बहुधा एकच स्क्रू असतो, सळी बाहेर काढा, बारीक स्टील वूलने हलकेच घासा, परत बसवा. इग्नायटर बदलायचा झाल्यास त्याच्या तापणाऱ्या भागाला बोट लावू नका, तो ठिसूळ असतो.

गॅस व्हॉल्व्ह, गॅसची पाइपलाइन, बर्नरची जुळणी आणि हीट एक्स्चेंजर यांना हात लावायचा नाही. सुरक्षेचा कुठलाही स्विच तारेने जोडून ‘तात्पुरतं चालू’ करायचं नाही. यूट्यूबवर ते दाखवणारे भेटतील, तरीही नाही.

७. रात्री अकराला बंद पडली. आत्ताच बोलावू की सकाळपर्यंत थांबू?

बाहेर शून्य अंश सेल्सियसच्या आसपास असेल, घरात तान्हं बाळ किंवा आजारी, वृद्ध माणूस नसेल, तर थांबा. बंद दारं-खिडक्यांचं घर रातोरात गोठत नाही. एका खोलीत सगळे झोपा. स्पेस हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन कॉर्डवर नको, आणि पडदे-पांघरुणांपासून किमान तीन फूट दूर ठेवा. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवू नका आणि शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणू नका. दोन्हींत कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे.

बाहेर उणे दहा-पंधरा असेल तर मात्र गणित बदलतं. बाहेरच्या भिंतीतले नळ गोठून फुटले तर दुरुस्तीपुढे रात्रीचा जादा दर किरकोळ वाटेल. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, नळांतून बारीक धार सोडा आणि फोन करा.

वीज एकदा बंद-चालू करून बघायला हरकत नाही. काही प्रयत्न फसले की फर्नेस स्वतःला काही वेळासाठी कुलूप लावते, ते त्याने उघडतं. दर तासाला असं करत बसू नका.

८. गॅसचा वास येतोय किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतोय. कोणाला बोलावू, आणि पैसे लागतील का?

सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा. कोणतंही बटण चालू-बंद करू नका. फोन बाहेरून करा: ९११ ला किंवा गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर. गळती तपासायला येण्याचे पैसे गॅस कंपनी घेत नाही. दोष तुमच्या उपकरणात निघाला तर ती गॅस बंद करून त्यावर लाल चिठ्ठी लावून जाते, आणि पुढची दुरुस्ती तुमच्या खर्चाने. ऑन्टारियोत या चिठ्ठ्या दोन प्रकारच्या असतात: एकीत गॅस तिथल्या तिथे बंद होतो, दुसरीत ठरावीक मुदतीत दुरुस्ती करावी लागते.

नैसर्गिक गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर अलार्म हवाच. तो कधी बदलायचा ते त्याच्या मागच्या तारखेवरून कळतं.

९. ४९ डॉलरच्या सर्व्हिसिंगला आलेला माणूस म्हणतो, हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, आजच नवी फर्नेस घ्या. खरं मानायचं का?

शक्य आहे, पण पुरावा मागा.

हीट एक्स्चेंजर म्हणजे आतून ज्योतीचा गरम वायू आणि बाहेरून घरातली हवा वाहणारा धातूचा भाग. त्याला तडा गेला तर जळलेला वायू घरात येऊ शकतो, म्हणून तडा खरा असेल तर फर्नेस चालवायची नाही, यात वाद नाही. पण ‘तडा’ हा शब्द इतका घाबरवणारा आहे की काही विक्रेत्यांचं त्यावरच पोट चालतं. स्वस्त सर्व्हिसिंगच्या जाहिराती बऱ्याचदा अशा भेटीसाठीच असतात.

तडा कुठे आहे ते दाखवायला सांगा, कॅमेऱ्यातला फोटो किंवा व्हिडिओ मागा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं मोजमाप किती आलं ते विचारा आणि लिहून घ्या. ब्लोअर सुरू झाल्यावर ज्योत हलते किंवा बाहेर झेपावते का, ते स्वतः पाहा. पृष्ठभागावरचा गंज म्हणजे तडा नव्हे. मग फर्नेस बंद ठेवून दुसऱ्या कंपनीला बोलावा. तिला पहिलीने काय सांगितलं ते आधी सांगू नका.

तडा खरा निघालाच तर पैसे काढण्याआधी वॉरंटी बघा (प्रश्न १२). हीट एक्स्चेंजरची वॉरंटी बाकीच्या पार्टपेक्षा बरीच लांब असते.

१०. दुरुस्त करायची की नवी घ्यायची?

गॅस फर्नेस साधारण १५ ते २० वर्षं चालते. विक्रेते एक सूत्र सांगतात: फर्नेसचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च; उत्तर ५,००० च्या वर गेलं तर नवी घ्या. मला ते विकणाऱ्याच्या सोयीचं वाटतं. पंधरा वर्षांच्या फर्नेसला ४०० डॉलरचा इग्नायटर लागला तर सूत्र ६,००० येतं, पण एवढ्यासाठी सात-आठ हजार खर्च करणं शहाणपणाचं नाही.

दहा वर्षांच्या आतली फर्नेस दुरुस्तच करा. पंधरा वर्षांवरची असेल आणि इंड्युसर, बोर्ड किंवा ब्लोअरपैकी काही गेलं असेल, तर मागच्या दोन हिवाळ्यांची बिलं काढून बघा. पहिलाच मोठा बिघाड असेल तर दुरुस्ती. तिसरा असेल तर नवी. हीट एक्स्चेंजर गेला आणि वॉरंटी नसेल तर वय काहीही असो, बहुधा नवीच.

गॅसची बचत किती? ८० टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेलात तर तेवढ्याच उष्णतेला सुमारे १७ टक्के गॅस कमी लागतो. हिवाळ्याचं हीटिंगचं बिल १,२०० डॉलर असेल तर वर्षाला दोनशे वाचतील. निव्वळ बचतीसाठी चांगली चालणारी फर्नेस काढू नका.

११. नव्या फर्नेसच्या कोटेशनमध्ये काय काय दडलेलं असतं?

नवी फर्नेस बसवून साधारण ४,००० ते १०,००० डॉलरला पडते. दोन घरांच्या आकड्यांत एवढी तफावत येते ती बऱ्याचदा यंत्राबाहेरच्या कामामुळे.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती चिमणी. जुनी ८० टक्क्यांची फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर यांचा धूर बऱ्याचदा एकाच चिमणीतून जातो. नवी फर्नेस प्लॅस्टिकच्या पाइपवर गेली की मोठ्या चिमणीत वॉटर हीटर एकटाच उरतो, त्याचा धूर वर जाण्याआधीच थंड होतो. मग चिमणीत लायनर, म्हणजे आतून एक अरुंद नळी, घालावा लागतो, तो हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. कोटेशनमध्ये लायनरचा उल्लेख नसेल तर विचारा.

शिवाय परमिट, जुनं यंत्र उचलून नेणं, पाणी वाहून नेण्याची सोय, गरज असेल तर पंप. परमिट कंत्राटदारानेच काढायचं. ‘परमिट नको, दोनशे वाचतील’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा, नाहीतर घर विकताना ते निघतं. फर्नेससोबत एसीही बदला असा आग्रह होतो. एसी दहा-बारा वर्षांचा असेल तर एकत्र मजुरीत बचत होते. पाच वर्षांचा असेल तर गरज नाही.

अमेरिकेत कार्यक्षम फर्नेस आणि हीट पंपावर (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) मिळणारी २५-सी ही संघीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना लागू नाही. दुरुस्तीला ती कधीच नव्हती. राज्याच्या किंवा गॅस-वीज कंपनीच्या सवलती वेगळ्या असतात, त्या बघा.

१२. वॉरंटी आहे असं ऐकलंय, पण घर आम्ही दुसऱ्याकडून घेतलं. मिळेल का?

फर्नेसच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर टाका. बऱ्याच कंपन्या पार्टना १० वर्षं देतात, पण बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली असेल तरच. नाहीतर पाच वर्षं. कॅलिफोर्निया आणि क्विबेकमध्ये नोंदणीची अट घालता येत नाही. दुसऱ्या मालकाला वॉरंटी कमी होते, काही ठिकाणी ठरावीक दिवसांत ती नावावर करून घ्यावी लागते.

एक नेहमीचा गैरसमज: वॉरंटी पार्टची असते, मजुरीची नाही. हीट एक्स्चेंजर फुकट मिळाला तरी तो बसवायचे हजार-दीड हजार द्यावे लागू शकतात.

१३. घर घेताना होम वॉरंटी मिळाली होती. आणि घराचा विमाही आहे. त्यात बसेल ना?

विम्यात नाही. झीज होऊन बिघडलेली फर्नेस विम्यात बसत नाही. मात्र फर्नेस बंद पडून नळ फुटला तर पाण्याचं नुकसान बसू शकतं, घर गरम ठेवायची वाजवी काळजी घेतली असेल तर.

होम वॉरंटी हा वेगळा करार, घरातली यंत्रं बिघडली तर दुरुस्त करून देण्याचा. दर भेटीला ठरलेली फी, टेक्निशियन त्यांच्या पसंतीचा. आधीपासूनचा बिघाड किंवा देखभाल न केल्याचं कारण देऊन दावा नाकारला जातो, म्हणून सर्व्हिसिंगच्या पावत्या जपा. स्वतः दुसऱ्याकडून दुरुस्त करून मग बिल पाठवलं तर बहुधा पैसे मिळत नाहीत. आधी त्यांनाच फोन करायचा.

१४. वार्षिक करार घ्यावा का?

वर्षातून एकदा तपासणी, साधारण ८० ते २०० डॉलरची, करून घ्यावी. सप्टेंबरमध्ये केली तर तारीखही सहज मिळते. करारात रात्रीचा जादा दर माफ आणि थंडीत आधी नंबर असं असेल तर जुन्या फर्नेसला तो परवडतो. वॉरंटीतल्या नव्या फर्नेसला नाही. न्यू जर्सीत पी.एस.ई. अँड जी. सारख्या गॅस कंपन्याही दुरुस्तीचे करार विकतात. त्यात कोणते पार्ट येतात ती यादी वाचून मगच सही करा.

१५. डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जातोय. फर्नेस बंद करून गेलो तर?

नको. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करा. फिल्टर नवा घाला. किल्ली शेजाऱ्याला किंवा मित्राला द्या, बर्फ पडला की बाहेरचे पाइप बघायला सांगा. तुमच्या मेकॅनिकचा नंबर आणि किती डॉलरपर्यंतची दुरुस्ती तुम्हाला न विचारता चालेल, हेही त्याला लिहून द्या. पुण्यात तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील. कॅनडातल्या अनेक पॉलिसींत हिवाळ्यात काही दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं असेल तर कोणी तरी रोज बघून जावं किंवा पाणी बंद करावं अशी अट असते. निघण्याआधी ती वाचा.

१६. टोरांटोजवळ घर घेतलं, फर्नेस भाड्याची निघाली. दुरुस्ती कोणाची?

भाड्याची असेल तर साधारणपणे कंपनीची, पण फिल्टर आणि बाहेरून झालेलं नुकसान तुमचं. खरा प्रश्न भाड्याचा आहे: दहा वर्षांत ते फर्नेसच्या किमतीपेक्षा जास्त होतं. मूळ करार विक्रेत्याच्या वकिलाकडून मागवा आणि करार विकत घेऊन संपवायला किती लागतील ते लेखी घ्या. अशा भाड्यांपोटी घराच्या नोंदीवर बोजा चढवण्याची पद्धत ऑन्टारियोने जून २०२४ मध्ये बंद केली. दारावर येऊन फर्नेस विकणं किंवा भाड्याने देणं तिथे मार्च २०१८ पासूनच बेकायदेशीर आहे. तेव्हा ‘सरकारी तपासणीला आलोय, फर्नेस दाखवा’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

१७. टाउनहाऊस आहे, महिन्याला असोसिएशनची फी देतो. फर्नेस त्यांनीच बघायला हवी ना?

बहुधा नाही. तुमच्याच घराला हवा देणारी फर्नेस भिंतीच्या आत असो वा बाहेरच्या कपाटात, ती तुमची. सामायिक चिमणी किंवा छतातून जाणारा पाइप मात्र असोसिएशनचा असू शकतो, आणि भिंतीला नवीन भोक पाडून प्लॅस्टिकचा पाइप काढायचा तर त्यांची लेखी परवानगी लागते. काही ठिकाणी ती मिळतच नाही, मग ९६ टक्क्यांची फर्नेस बसवता येत नाही. कोटेशन घेण्याआधी हे विचारून घ्या. घर भाड्याने दिलं असेल तर दुरुस्तीचा खर्च तुमचा, भाडेकरूचा नाही. न्यूयॉर्क शहरात तर १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घर किती गरम असायला हवं याचे आकडेच नियमात आहेत: बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा आत किमान ६८, आणि रात्री बाहेर काहीही असो, ६२.